मागच्या दोन चाकांची अट

सेक्टर ६, भिलाई
१६ ऑगस्ट १९८१

व्याहीबुवा शेषराव यांना,

जीपच्या स्टिअरिंगवर कागद ठेवून बाबारावचा नमस्कार.

तुम्ही बरोबर वाचलंत. मी जीप घेतली. आधी लष्करात होती, मग एका ठेकेदाराकडे होती, आता आमच्या क्वार्टरसमोर पेरूच्या झाडाखाली उभी आहे. पुढच्या चाकांना जोर पोहोचवणारा दांडा त्या ठेकेदारानं काढून ठेवून घेतला, त्यामुळे ही चार चाकांची गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. मी म्हटलं, बैलगाडीलाही दोनच असतात. स्टोअर्समधले आमचे सगळे लोक बघून गेले. हेडक्लार्कनं जीप घेतली म्हटल्यावर काही जणांच्या पोटात दुखतं आहे, ते दुखू द्या.

आता मुद्द्याचं. ताराला पाचवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडच्या विहीणबाई जाऊन तीन वर्षं झाली, जावईबापू मालगाडीचे गार्ड, महिन्यातले वीस दिवस लाईनवर. घरात बाईमाणूस नाही. रत्नमालानं इकडे गाद्यांचा कापूस पिंजून आणला आणि डिंक, खारका, अळीव सगळं भरून ठेवलं. नवरात्रात डोंगरगडच्या गाड्यांना देवीच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ४ ऑक्टोबरच्या रविवारी मी जीप घेऊन येतो आणि तिला आणतो. एवढ्यासाठीच जीप घेतली असं समजा.

गाडी उत्तम आहे. परवा जुनवानीकडे फेरी मारली, तिथे किरकोळ थांबावं लागलं, बाकी काही नाही.

आपला,
बाबाराव

ता. क. – मी रत्नमाला. किरकोळ नाही. दोन तास चिखलात फसून होतो. एक चाक फिरून राहिलं होतं न् दुसरं ढिम्म उभं. मंग बैलजोडीनं ओढून काढलं. पण ताराले पाठवा, मी वाट पाहून राहिली.

* * *

डोंगरगड
२१ ऑगस्ट १९८१

बाबाराव यांना,

रुळाच्या पलीकडून शेषरावाचा नमस्कार.

अर्धवट अहवाल लिहिणाऱ्याला आमच्या खात्यात चार्जशीट मिळत असे. तुमचा अहवाल विहीणबाईंनी पूर्ण केला, त्यांचे आभार.

तुम्हाला ठाऊक आहे, मी एकतीस वर्षं गाड्यांची चाकं तपासली. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर टोला द्यायचा, स्वच्छ वाजलं तर जाऊ द्यायचं, भदभद वाजलं तर डबा काढायचा. निवृत्त झाल्यावरही सवय जात नाही. मी कलिंगड वाजवतो, माठ वाजवतो, देवानंद-ताराच्या लग्नात बँडवाल्याचा ढोल वाजवून तो फाटका आहे हे सांगितलं होतं, आठवत असेल.

म्हणून एक विचारतो. एकाच एक्सलवरचं एक चाक फिरत होतं आणि दुसरं उभं होतं, हे खरं का? खरं असेल तर तुमची गाडी मुळातच मोडकी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, तसा चिखलाला दोष देऊ नका.

राहिला ताराचा प्रश्न. शेजारच्या गिरजाबाईंनी या रेल्वे कॉलनीतली चाळीस बाळंतपणं केली आहेत. तारा इथेच राहिली तरी काही बिघडणार नाही. घाई करू नये.

शेषराव

* * *

भिलाई
३० ऑगस्ट १९८१

व्याहीबुवांना बाबारावचा नमस्कार, हाताला लागलेल्या ग्रीससकट.

तुमचं पत्र वाचून रत्नमालानं नव्या गाद्या दिवसभर उन्हात टाकल्या आणि उचलल्या. गिरजाबाई चाळीस नाही, चारशे बाळंतपणं करोत. ताराची आई इथे जिवंत बसली आहे.

गाडीला मोडकी म्हणालात ते मला लागलं, म्हणून काल कुम्हारीला नत्थू मिस्त्रीकडे गेलो. हायवेवरचे सगळे ट्रक त्याच्या हाताखालून जातात. त्यानं जॅक लावून मागची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि मला म्हणाला, साहेब, डावं चाक पुढे फिरवा. मी फिरवलं. तर उजवं चाक आपोआप मागे फिरलं. मी उलटं फिरवलं, तर तेही उलटं. मला वाटलं तुमचंच खरं, गाडी मोडकी. नत्थू हसून लोळायचा बाकी होता. म्हणे, हे असंच असतं.

एक्सलच्या मध्यावर कोहळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, आणि त्याच्या पोटात चार लहान दातेरी चाकं. इंजिनाचा जोर आधी त्या गोळ्यात येतो आणि तिथून दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. वाटणी सारखी, पण फिरण्याची सक्ती नाही. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता पडतो, आतल्याला जवळचा. म्हणून एकाला भरभर आणि दुसऱ्याला सावकाश फिरायची मुभा.

मग चिखलात असं कावून होते, मी विचारलं. त्याचं उत्तर मी माझ्या पद्धतीनं सांगतो. पंगतीत दोन जावई शेजारी बसवले आणि वाढपी असा शिस्तीचा की जेवढी जिलबी एकाच्या पानात, तेवढीच दुसऱ्याच्या. आता थोरल्यानं पानावर हात आडवा धरून पुरे म्हटलं, की धाकटा पण उपाशी. चिखलातलं चाक नुसतं घसरतं, ते जोर खातच नाही. म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे काहीच नाही. ते बिचारं भुकेलं उभं राहतं.

मला हे फार आवडलं. मी रत्नमालालाही समजावलं. ती म्हणाली, “ते जिलबीचं राहू द्या. तारा येऊन राहिली का नाही, ते विचारा.”

तर तेच विचारतो.

बाबाराव

* * *

डोंगरगड
५ सप्टेंबर १९८१

बाबाराव यांना नमस्कार.

जिलबीचं कळलं. ज्या वाढप्याच्या शिस्तीमुळे जेवणारा उपाशी राहतो, त्याला कामावरून काढलं पाहिजे.

आमच्याकडे दोन चाकं आणि एक्सल मिळून एक वस्तू असते. चाक मोठ्या दाबाखाली एक्सलवर ठोसून बसवतात. एक फिरलं की दुसरं फिरलंच पाहिजे, मग खाली पाणी असो की तेल. एक चाक पुढे आणि दुसरं मागे जातंय असं मी कधी साहेबांना कळवलं असतं, तर त्यांनी आधी माझी नजर तपासून घेतली असती. आणि गाडी वळण्याचं म्हणाल, तर बोरतलावच्या वळणांवरून रोज चाळीस गाड्या जातात. कोणत्याही गाडीच्या पोटात कोहळा नाही.

डोंगरगडपासून राजनांदगावच्या सडकेपर्यंत रस्ता कसा आहे ते तुम्ही पाहिलं आहे. यंदा पाऊस अजून हटलेला नाही. तोवर सातवा लागलेल्या माझ्या सुनेला मी चिखलात दोन तास बसवणार नाही आणि बैलांच्या मागेही पाठवणार नाही.

म्हणून माझी अट ऐका. त्या गोळ्यातली चार चाकं वेल्डिंग करून एकजीव करा. दोन्ही चाकं रेल्वेसारखी एकत्र फिरली पाहिजेत. तसं केलंत तर तारा ४ तारखेला तुमच्या गाडीत बसेल, हा शब्द. नाही केलंत तर ती इथेच राहील, हाही शब्द.

शेषराव

* * *

भिलाई
२० सप्टेंबर १९८१

व्याहीबुवा, नमस्कार, आणि तयारीला लागा.

अट पूर्ण झाली.

नत्थूनं आधी साफ नकार दिला. हात जोडून म्हणाला, “साहेब, एला झन जोडव. गाडी मुडही नहीं.” म्हणजे हे जोडू नका, गाडी वळणार नाही. मी त्याला सांगितलं की आमचे व्याही एकतीस वर्षं चाकांतच होते. तो म्हणाला, मग त्यांनाच चालवायला द्या. शेवटी मी म्हटलं, बाबा रे, मुलीला माहेरी आणायचं आहे. तेव्हा त्यानं डोळ्यांवर काळी काच ओढली आणि गोळ्यातल्या चारही चाकांची एक ढेप करून टाकली. वर म्हणाला, काही झालं तर माझं नाव सांगू नका.

मग मी मुद्दाम जुनवानीला गेलो, त्याच चिखलात. व्याहीबुवा, तुम्ही तिथे हवे होतात. गाडी एकदा गुरगुरली आणि म्हशीसारखी चिखल कापत सरळ पलीकडे निघाली. एक चाक घसरलं की दुसरं रेटत होतं. ते मागच्या वेळचे बैलवाले बांधावर उभे होते, त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला इतका आनंद झाला की मी वळून पुन्हा एकदा चिखलातून आलो.

डांबरी सडकेवर वळताना थोडी कुरकुर करते. नवीन काम आहे, रुळेल.

आता ४ तारीख पक्की. शब्द तुमचा आहे, मी फक्त आठवण देतो.

बाबाराव

ता. क. – रत्नमाला. थोडी कुरकुर म्हंजे टायर किंचाळते न् गाडी टुणटुण उडते. सेक्टर पाचच्या चौकात यांनी स्टिअरिंग पुरं फिरवलं, पण गाडी सरळच. एका साहेबाचं कुंपण तोडून आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. दोडक्याचा अख्खा वेल घेऊन बाहेर आलो. दोडके अजून समोर लटकून राहिले. पण ताराले पाठवा.

* * *

(पोस्टकार्ड)

डोंगरगड
२३ सप्टेंबर १९८१

बाबाराव यांना नमस्कार. पत्र मिळाल्याबरोबर ते वेल्डिंग काढून टाकावे. गाडी घरी ठेवावी. ताराला रेल्वेनं पाठवतो. माझ्याकडे पास आहे. मी स्वतः दुर्ग स्टेशनपर्यंत घेऊन येतो, गर्दीत जागा मिळवणं माझ्याकडे लागलं. कारण विचारू नये. – शेषराव

* * *

भिलाई
२६ सप्टेंबर १९८१

शेषराव यांना,

नमस्कार लिहायची इच्छा नव्हती, पण रत्नमाला शेजारी उभी आहे.

तुम्ही उघड्या कार्डावर लिहिलंत, त्यामुळे मजकूर आमच्या पोस्टमननं मला वाटेतच सांगितला. त्यालाही तुमचं आश्चर्य वाटलं.

वेल्डिंग करा म्हणालात, केलं. आता काढा म्हणता. कारण विचारू नका म्हणता. मी तुम्हाला सरळ माणूस समजत होतो. मुलाकडचे म्हणून तुमचा मान ठेवायचा, पण मानालाही हद्द असते. मी अट पूर्ण करीन असं तुम्हाला वाटलं नव्हतं, आणि आता पूर्ण झाली तर तुम्हाला रेल्वेच मोठी दाखवायची आहे, एवढंच मला यातून दिसतं. लोखंडाची ढेप झाली ती काय साखरेची आहे, पाण्यात टाकून विरघळायला?

तुम्ही दिलेला शब्द मी देवघरात ठेवला आहे, म्हणजे ते पत्र. मी ४ तारखेला सकाळी निघतो आणि दहा वाजता तुमच्या दारात येतो. तारानं तयार राहावं.

बाबाराव

* * *

भिलाई
५ ऑक्टोबर १९८१

शेषराव यांना नमस्कार.

ताराला घेऊन काल संध्याकाळी सुखरूप पोहोचलो. तिची तब्येत उत्तम आहे. रत्नमालानं तिला दारातच मिठी मारली आणि दोघी रडल्या, म्हणजे सगळं ठीक आहे.

प्रवास छान झाला. चिखलात गाडी कुठेही अडली नाही. आणि तुम्हाला कळवायला आनंद वाटतो की राजनांदगावपासून पुढे गाडी वळणावर लोण्यासारखी वळत होती. कुरकुर पूर्ण थांबली. मी म्हटलंच होतं, रुळेल.

विशेष काही नाही.

बाबाराव

* * *

भिलाई
९ ऑक्टोबर १९८१

ती. मामाजींना,

ताराचा नमस्कार. सोबत कालच्या दसऱ्याचं आपट्याचं पान ठेवलं आहे, ते तिथल्या देवाजवळ ठेवा.

बाबांनी तुम्हाला पत्र टाकलं ते मला दाखवलं नाही, पण त्यात काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. म्हणून खरं सांगते. काळजी करू नका, शेवट चांगला आहे.

आम्ही निघताना तुम्ही माझ्या हातात तुमची हातोडी दिलीत आणि चढण्याआधी चाकं वाजव म्हणालात, तेव्हा बाबा गालात हसत होते. तुम्ही ओट्यावरून उठला नाहीत आणि जीप वळली तेव्हा दुसरीकडे बघत होतात, ते मला दिसलं होतं.

कच्च्या रस्त्यावर खरंच काही झालं नाही. नाल्याजवळ दोन ट्रक फसलेले होते, आमची जीप त्यांच्या बाजूनं निघाली. बाबांनी हॉर्न वाजवला आणि ट्रकवाल्यांना हात केला. पण राजनांदगावला डांबरी सडकेवर डावीकडे वळताना गाडी दोनदा उडली आणि मागून टण् असा आवाज आला. बाबा म्हणाले दगड लागला. मी म्हटलं, “दगड नाही बाबा. लोखंड तुटलं. मामाजींनी मले आवाज शिकवला आहे.” त्यांनी गाडी थांबवली. मी उतरले आणि हातोडीनं दोन्ही बाजू वाजवल्या. उजवी बाजू खणखणीत. डावीकडे चाकाला टोला दिला तर आतून भदभद, तुम्ही सांगता तसा.

गोळ्यापासून डाव्या चाकापर्यंत जो दांडा जातो, तो आतल्या आत मोडला होता. चाक जागेवर होतं, ब्रेक लागत होते, पण त्याला जोर मिळत नव्हता. मला वाटलं आता इथेच बसावं लागणार. बाबांनी हळूच गिअर टाकला, आणि मामाजी, गाडी चालली. एकट्या उजव्या चाकावर चालली. आणि डावं चाक मोकळं सुटल्यामुळे वळणावर ना किंचाळणं ना उडणं. बाबांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, आधीच मोडायला हवा होता. भिलाईपर्यंत आम्ही बैलगाडीच्या वेगानं आलो. आई दारात उभी होती.

परवा नत्थू मिस्त्रीनं गोळा उघडला. त्याला मी विचारलं, चूक कोणाची. तो डोकं खाजवत म्हणाला की वेल्डिंग केलं नसतं तर दांडा मोडलाच नसता, आणि वेल्डिंग केलं नसतं तर दांडा मोडल्यावर गाडी जागची हलली नसती. साध्या गोळ्यात तुटलेली बाजू नुसती गरगरते आणि चांगल्या बाजूला काही मिळत नाही. बाबांचं ते जिलबीचं. तेव्हा बाबा आणि तुम्ही दोघं बरोबर, किंवा दोघं चूक, तुम्हीच ठरवा. नत्थू आता जुना गोळा काढून दुसरा बसवतो आहे, न जोडलेला.

एक सांगायचं राहिलं. संध्याकाळची मेल तुमच्याकडून सुटली की दीडेक तासानं इथून जाते. वारं इकडचं असलं तर आमच्या मागच्या अंगणात आवाज येतो. परवा ती गेली तेव्हा मागच्या बाजूच्या एका डब्याचं चाक चपटं वाजत होतं, टक टक टक. मी वेळ लिहून ठेवली आहे. तुम्ही ऐकलंत का?

वेळेवर जेवत जा. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर आहे.

तुमची,
तारा

* * *

डोंगरगड
१४ ऑक्टोबर १९८१

बाबाराव यांना,

शेषरावाचा नमस्कार. हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे. कार्डावर लिहिण्यासारखं नाही.

ताराचं पत्र आलं. मागून तिसरा डबा. मी पण ऐकला.

तुम्ही मोडलेल्या दांड्याची गोष्ट लपवलीत म्हणून मला रागवायचा हक्क आहे असं काही वेळ वाटलं. मग आठवलं की मी त्याहून मोठं लपवलं आहे.

रेल्वेचं चाक सपाट नसतं. ते एका बाजूला निमुळतं असतं. गाडी वळणावर आली की चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर चालतं आणि आतलं बारीक भागावर. एकाच फेऱ्यात बाहेरचं जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी. म्हणून आम्हाला तुमचा तो कोहळा लागत नाही. जीपचं टायर काही निमुळतं नसतं. तिला गोळा पाहिजेच. ही गोष्ट मी एकतीस वर्षं नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवली. मी ती विसरेन का?

मला ठाऊक होतं. वेल्डिंग केलेली जीप डांबरावर वळणार नाही हे मला अट लिहितानाच ठाऊक होतं. मला वाटलं, कोणताही मिस्त्री नाही म्हणेल, कोणताही शहाणा माणूस ऐकेल, आणि तारा इथेच राहील. तुम्ही ते खरोखर कराल हे माझ्या डोक्यात आलं नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तुमचं ते दोडक्याचं पत्र आलं तेव्हा कळलं, तुम्ही खरंच केलंत. म्हणून रेल्वेनं पाठवतो असं कार्ड टाकलं. कारण विचारू नका लिहिलं, कारण ते सांगायची लाज वाटली. ४ तारखेलाही तोंडून निघालं नाही. नुसती हातोडी दिली. दुपारभर मी घड्याळासमोर बसून होतो. तुमचं पत्र येईपर्यंत चूल पेटवली नाही.

आता ते कारण सांगतो. ही गेल्यापासून देवानंद लाईनवर असला की मी एकटाच असायचो. तारा आली आणि ओट्यावर दुसरी खुर्ची लागली. संध्याकाळी मेल जाते, मी घड्याळ बघतो, ती वहीत लिहिते, मग आम्ही चाकांवरून वाद घालतो. दोन महिन्यांत ती माझ्याहून चांगलं ऐकायला लागली. ती चार-पाच महिने जाणार म्हटल्यावर मला ते आधीचं रिकामं घर डोळ्यांसमोर दिसलं आणि मला ते नको होतं. माहेरची रीत मला मान्य आहे, विहीणबाईंचा हक्क मान्य आहे, फक्त माझ्या मनाला ते मान्य होत नव्हतं. एवढंच कारण. त्यासाठी मी तुमची गाडी मोडली आणि सुनेचा जीव टांगणीला लावला.

माफ करा म्हणतो. विहीणबाईंनाही सांगा. आणि त्या सेक्टर पाचच्या साहेबांना दोडक्याचं बी मी पाठवतो.

आपला,
शेषराव

* * *

भिलाई
१९ ऑक्टोबर १९८१

व्याहीबुवा,

घरातल्या तिघांचा आणि पेरूखालच्या चौथीचा नमस्कार.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचलं. अर्ध्यावर मी कागद ताराच्या हातात दिला, तिनं थोडं वाचून आईच्या हातात दिला. शेवटी रत्नमालानं पूर्ण केलं. ती आमच्यात खंबीर.

तुम्ही म्हणता, कोणता शहाणा माणूस असं वेल्डिंग करील. नत्थूनं मला कुम्हारीतच सगळं नीट सांगितलं होतं आणि मला ते कळलंही होतं. पण तुमचा शब्द होता, आणि घरी रोज त्या गाद्या उन्हात टाकायच्या आणि उचलायच्या चाललं होतं. तुम्ही चाकं चौकोनी करा म्हणाला असतात तरी मी केली असती. तेव्हा गुन्ह्यात मी निम्म्याचा वाटेकरी आहे. सारखी वाटणी.

रागवायला मी दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही. रत्नमाला म्हणाली, “ताराले आणलं, पण तो माणूस तिथं एकटा बसून राहिला. त्यायले कावून नाही आणत?”

मुलाकडच्यानं मुलीच्या माहेरी महिनोनमहिने राहायची रीत नाही, हे मला माहीत आहे. पण आपण दोघांनी मिळून यंदा एवढं मोडलं आहे की आणखी एका रीतीनं फरक पडणार नाही. दिवाळी २७ तारखेला आहे. मी रविवारी २५ ला जीप घेऊन येतो. बाळ होईपर्यंत आणि बारसं होईपर्यंत तुम्ही इथे. जावईबापूंना सुट्टी मिळेल तेव्हा ते इथेच उतरतील. मागच्या अंगणात तारानं आत्ताच दुसरी खुर्ची टाकली आहे आणि वही तयार आहे. मेलची वेळ मात्र इथे दीड तास उशिराची धरावी लागेल.

नवा गोळा बसला. काल सेक्टर पाचच्या चौकात मी चार फेऱ्या मारल्या. बाहेरचं चाक भरभर, आतलं सावकाश, दोघांचं कुठे भांडण नाही. ते साहेब कुंपणाजवळ उभे राहून बघत होते.

रेल्वेचा पास काढू नका. मी येतो.

बाबाराव

* * *

(पोस्टकार्ड)

डोंगरगड
२२ ऑक्टोबर १९८१

बाबाराव यांना नमस्कार. रविवारी सकाळी नऊपासून ओट्यावर ट्रंक घेऊन बसतो. लोणच्याची बरणी घेतली आहे, दोडक्याचं बी घेतलं आहे. पोस्टमननं हे वाचलं तरी चालेल, मला फार आनंद झाला आहे. येताना तारापाशी असलेली माझी हातोडी आठवणीनं आणावी. तुमची जीप वाजवून पाहिल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही. – शेषराव